खेमा कासाराचे सात धोंडे

फार जुनी गोष्ट आहे. ज्या चिंचेखाली ती पहिल्यांदा सांगितली गेली, ती चिंच वठली, तिच्या खोडाचा तेलाचा घाणा झाला, आणि तो घाणाही झिजून गेला. एवढी जुनी.

तेव्हा डोंगराच्या पायथ्याला निंबतळ नावाचं गाव होतं आणि त्या गावात खेमा नावाचा कासार राहत होता. दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा, पाठीला वेताचा पेटारा आणि कमरेला खोचलेलं एक मऊ फडकं. त्या फडक्यानं तो काच पुसायचा. आधी बांगडीवर लांब, सावकाश श्वास सोडायचा. काच धुरकट व्हायची. मग फडकं फिरवायचा, की बांगडी अशी चमकायची जणू आत्ताच भट्टीतून निघाली.

खेमाचा हात फार हलका होता. असं म्हणतात की त्याच्याकडं बसलेली बाई गप्पा मारता मारता विचारायची, "दादा, भरायला कधी घेणार?" आणि खाली बघायची तर डझनभर बांगड्या हातात चढलेल्या असायच्या. तो बोलायचा कमी. पण हात त्याला ओळखू यायचे. कुणाचं माहेर दुरावलं आहे, कुणाचं पोर आजारी आहे, हे तोंडाच्या आधी हात सांगायचा. ज्या घरातल्या बायका परक्या पुरुषासमोर पदर वर करत नसत, त्याही खेमापुढं बिनघोर हात करायच्या. कासार म्हणजे भाऊ, अशी त्या मुलखाची रीत.

आणखी एक रीत होती, ती फक्त कासारांच्या घरातली. कासाराची लेक पहिलटकरीण असली, की तिचा हिरवा चुडा तिच्या बापानं स्वतःच्या हातानं भरायचा. दुसऱ्या कासारानं नाही, भावानं नाही, बापानंच. आणि आठवा महिना सरायच्या आत. ज्या लेकीला बाप नाही, ती जुन्याच बांगड्यांवर बाळंत व्हायची.

खेमाला एकच लेक. तिचं नाव ठकू. ती डोंगरापलीकडं आसरोळ गावात दिली होती. निंबतळहून आसरोळ पाच कोस, आणि मध्ये वारखिंड. ती खिंड अशी की तिथला वारा कधी थांबत नाही. एका अंगाला कडा आणि एका अंगाला दरी. पोटुशी बाई ती खिंड ओलांडत नसे. म्हणून पलीकडं दिलेल्या लेकी पहिल्या बाळंतपणालाही माहेरी येत नसत.

एका वैशाखात पाटलांच्या घरी लग्न होतं. नवरीचा चुडा भरायला खेमा बसला होता. मांडवात बायकांची दाटी, उकाडा, वाजंत्री. खेमानं आयुष्यात असे शंभर चुडे भरले होते. चौथी बांगडी त्यानं हातात घेतली आणि काही कारण नसताना त्याची छाती धडधडायला लागली.

आधी त्याला वाटलं, वाजंत्रीच आहे. पण वाजंत्री थांबली तरी छाती थांबेना. श्वास वरच्या वर अडकायला लागला. बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं आपोआप आत वळली, जसं वाळलेलं पान वळतं. पाय पाण्याचे झाले. मांडवातली माणसं लांब गेल्यासारखी दिसू लागली. आणि एकच गोष्ट मनात आली, की मी आता मरतो.

त्या वळलेल्या बोटांत नवरीची बांगडी होती. आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती बांगडी नवरीच्या मनगटावरच वाढली. रक्ताचा एक थेंब आला. खेमा उठला आणि पेटारा तिथंच टाकून मांडवातून पळाला.

पुढं त्या नवरीला अकरा नातवंडं झाली आणि ती दात पडेपर्यंत जगली. पण त्या दिवशी हे खेमाला कोण सांगणार?

वैद्यानं नाडी बघितली. छाती ऐकली, जीभ बघितली आणि म्हणाला, "तुझं काळीज बैलासारखं आहे, खेमा. काही झालेलं नाही." खेमाला वाटलं, वैद्याला कळत नाही. भगतानं मीठमोहरी उतरली, दंडाला काळा दोरा बांधला. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, लग्नघरात नजर लागली, त्या चौकात आता जाऊ नकोस. कुणीही वाईट मनानं सांगितलं नाही. सगळ्यांना तो हवाच होता.

आणि खेमानं एक चूक केली, जी कासारच करू जाणे. तडा गेलेली बांगडी माळेत ठेवायची नाही, हा त्याच्या धंद्याचा नेम. एक तडकलेली राहिली तर बाईचा हात कापतो. म्हणून रोज सकाळी माळ बोटांतून फिरवायची, आवाज ऐकायचा आणि बद्द वाजेल ती काढून टाकायची. खेमानं हाच नेम जागांना लावला. जिथं धडकी आली, ती जागा तडकली. ती टाकायची.

पाटलांचा चौक त्यानं टाकला. पंधरा दिवसांनी बाजारात धडकी आली, त्यानं बाजार टाकला. ओढ्याच्या उतारावर आली, ओढा टाकला. मारुतीच्या देवळात आरतीच्या वेळी आली, तेव्हा देवाला हात जोडून त्यानं देऊळही टाकलं. मग गावाची वेस गेली. मग गल्लीचं वळण गेलं. पुढं पुढं तर धडकी यायचीही गरज राहिली नाही. इथं येईल असं नुसतं वाटलं, तरी ती जागा जायची. आषाढ सरेपर्यंत त्या माणसाचा मुलूख त्याच्या ओट्याएवढा उरला.

गाव हसलं नाही असं नाही. रावजी नावाचा गावचा मल्ल होता, मान रेड्यासारखी, जीभ सैल. तो एकदा ओट्यासमोरून जाता जाता म्हणाला, "काय खेमादा, दुसऱ्यांना भरता भरता तूच भरून घेतल्यास वाटतं बांगड्या?" खेमानं मान खाली घातली. पण त्याची बायको सगुणा आतून बाहेर आली. तिचे हात पिठाचे होते.

"रावजीभावजी," ती म्हणाली, "बांगड्या भरलेले हातच रोज तुमची भाकरी थापतात. ती गिळताना लाजत नाही तुम्ही, मग बांगड्यांचं नाव घेऊन दुसऱ्याला कशाला लाजवता?"

रावजी पुढं गेला. त्या दिवसापासून तो त्या गल्लीत फिरकला नाही.

दसऱ्याला एक धनगर खिंड उतरून आला आणि त्यानं ओट्यावर निरोप दिला. ठकूला दिवस गेलेत, पाचवा सरत आलाय. हिरव्या चुड्याची वाट बघते म्हणून सांगितलंय.

सगुणाला आनंद झाला आणि लगेच तिनं खेमाकडं बघितलं. खेमा गल्लीच्या वळणाकडं बघत होता. वीस पावलांवरचं वळण. आसरोळ पाच कोस.

गावानं मदत करायची ठरवली. चार गड्यांनी बांबूला झोळी बांधली. खेमाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला झोळीत घालायचा, बघता बघता खिंड ओलांडायची, आणि पलीकडं गेल्यावर पट्टी सोडायची. त्याला कळणारसुद्धा नाही, असं सगळे म्हणत होते. खेमाही हो म्हणाला, लेकीसाठी. पण जेमतेम वेशीपाशी झोळीतून असा आवाज आला की गड्यांनी झोळी खाली ठेवली. खेमा झोळीतून पडला, पट्टी ओरबाडून काढली आणि रांगत रांगत घराकडं निघाला. भर दिवसा, सगळ्या गावासमोर. त्या दिवशी कुणी हसलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

रात्री त्यानं सगुणाला सांगितलं, ठकूला कळव, तुझा बाप नाही असं समज. सगुणानं काही कळवलं नाही.

दिवाळी आली. बायका बाजारात दुसऱ्या कासाराकडं जायला लागल्या होत्या, पण काही जुन्या खेमाच्याच ओट्यावर यायच्या. त्यात हौसा कुंभारीण होती. हौसाचे हात माती तुडवून, चिखल मळून रुंद झालेले. बांगडी अंगठ्याच्या बुडाशी आली आणि अडकली. नेमकी त्याच वेळी धडकी आली.

ओट्यावर. त्याच्या घरात. शेवटच्या जागेवर.

खेमानं उठायला बघितलं. पण हौसाचा हात त्याच्या हातात आणि बांगडी मधोमध. ओढली तरी वाढणार, ढकलली तरी वाढणार. पाटलांच्या मांडवातला रक्ताचा थेंब त्याला डोळ्यांपुढं दिसला. आणि उठून तरी जाणार कुठं? सगळ्या जागा टाकून झाल्या होत्या.

खेमा लहान होता तेव्हा त्याच्या बापानं त्याला धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली होती. अडकली बांगडी ओढू नये, ढकलू नये. हात धरून बसावं. हात घाबरलेला असतो म्हणून ताठ असतो. घाबरणं दमतं. मग हात सैल होतो आणि बांगडी आपली आपण जाते. खेमानं हे हजार हातांवर केलं होतं. स्वतःवर कधी नाही.

तो धरून बसला. छाती उधळलेल्या बैलासारखी धावत होती. त्यानं तिला ओढलं नाही, ढकललं नाही. काय करावं सुचेना, तेव्हा सवयीनं तो हौसाच्या हातातल्या बांगडीवर लांब श्वास सोडायला लागला, काच पुसायच्या आधी सोडायचा तसा. एकदा. पुन्हा. पुन्हा. हौसा आपली बोलतच होती. तिच्या जावेनं भट्टीत ओली लाकडं घातली, अर्धी मडकी गेली, आणि वर म्हणते कशी की मातीच वाईट. धडकी चढत गेली. खेमाला वाटलं, आता मेलो. मेला नाही. आणखी चढली. आता नक्की. तरी मेला नाही. मग डोंगरात पाऊस थांबल्यावर ओढ्याचं पाणी जसं एकेक दगड उघडा करत उतरतं, तशी ती उतरायला लागली. बोटं सुटली. श्वास खाली पोटापर्यंत गेला. आणि बांगडी हौसाच्या मनगटावर आपली आपण जाऊन बसली.

"झालं?" हौसा म्हणाली. "मला वाटलं तुला डुलकी लागली."

खेमा किती तरी वेळ हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हौसाच्या जावेची गोष्ट अजून संपलीसुद्धा नव्हती, तेवढ्यात धडकी येऊन गेली होती. इतके महिने तो ती चढायला लागताच पळत होता. त्यामुळं ती उतरते कशी, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला आणि भुईवर बसला. हातात बांगड्यांची एक माळ. धडकी आली, येणारच होती. तो एकेक बांगडी बोटांनी पुढं सारत राहिला आणि लांब श्वास सोडत राहिला. माळ संपायच्या आत ती उतरली. उतरल्यावरच तो उठला. हा एकच नेम त्यानं धरला, की चढत असताना उठायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशीही तिथंच. पाचव्या दिवशी तिथं बसला, तर धडकी आलीच नाही. खेमाला चुकल्यासारखं झालं.

थंडीत भुईवर बसून कंबर धरेल म्हणून सगुणानं ओढ्यातला एक सपाट धोंडा आणला आणि त्या वळणावर ठेवला. मग खेमा मारुतीपाशी बसायला लागला, तिनं तिथंही एक आणून ठेवला. मग वेशीपाशी. असं म्हणतात की ते सगळे धोंडे त्या बाईनं एकटीनं डोक्यावरून वाहून नेले. आज ते चार गड्यांना हलत नाहीत.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. ओढ्याच्या उतारावर एके दिवशी धडकी इतकी मोठी आली की खेमा नेम मोडून पळाला, ते थेट घरात. आठ दिवस तो ओट्यावरही आला नाही. त्याला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. नवव्या दिवशी सगुणा म्हणाली, "अहो, ओढ्यावरचा धोंडा मी आणून ठेवलाय. उगाच एवढं ओझं वाहायला लावलंत." खेमा उठला. आधी वळणावर बसला, मग मारुतीपाशी, मग वेशीपाशी. तीन दिवसांनी ओढ्यावर. करवंदीच्या जाळीपाशी पाचवा धोंडा झाला, खिंडीच्या पायथ्याला सहावा. तोवर संक्रांत आली. खिंडीत पाय टाकायचं मात्र त्याला जमलं नव्हतं.

संक्रांतीच्या दिवशी तोच धनगर पुन्हा आला. ठकूचा आठवा आता चार दिवसांत सरतो. आसरोळचा कासार दोनदा दारात येऊन गेला. सासू म्हणते, रीत राहू दे, भरून घे बाई, किती वाट बघशील. ठकू म्हणते, चार दिवस आहेत अजून.

खेमानं चार डझन हिरव्या बांगड्या निवडल्या. एकेक कानाशी धरून वाजवली. आणि म्हणाला, उद्या निघतो.

सगुणा म्हणाली, उद्या किंक्रांत. किंक्रांतीला कुणी घराबाहेर पडत नाही, नव्या कामाला हात लावत नाही. परवा निघा.

"परवा म्हटलं की तेरवा सापडेल," खेमा म्हणाला. "आणि तू वाईट दिवस म्हणतेस, पण धडकी कधी पंचांग बघून आली का?"

किंक्रांतीच्या सकाळी वाटेवर चिटपाखरू नव्हतं. खेमा प्रत्येक धोंड्यावर थोडा बसला. सहाव्यावर जास्त बसला. मग उठला आणि खिंड चढायला लागला.

मध्यावर, जिथं वाट दोन हातांएवढीच रुंद आहे, तिथं त्याला धडकी आली. आजवरच्या सगळ्या धडक्या तिच्यापुढं लहान होत्या. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, पुढं जाणं अवघड आणि मागं वळणंही अवघड. खेमा वाटेवरच खाली बसला. पाठ कड्याला टेकवली आणि बांगड्यांची माळ मांडीवर घेतली. त्याचं अंग असं थरथरत होतं की चार डझन बांगड्या एकदम वाजायला लागल्या.

असं म्हणतात की त्या वेळी खिंडीचा वारा थांबला. तो पहिल्यांदाच थांबला. असंही म्हणतात की वरच्या अंगाहून वाघ उतरला, वाटेवर आला आणि खेमासमोर उभा राहिला. खेमानं त्याच्याकडं बघितलं. पण त्याच्याजवळची सगळी भीती आधीच कामाला लागलेली होती, वाघासाठी काही शिल्लकच नव्हती. वाघानं थोडा वेळ बांगड्यांचा आवाज ऐकला, जांभई दिली आणि तो आल्या वाटेनं निघून गेला. हे खरं की खोटं, ते वाघ जाणे आणि खेमा जाणे. खेमानं नंतर विचारणाऱ्यांना सांगितलं की मी वाघ बघितल्यासारखं वाटतं, पण तेव्हा मला बरंच काही वाटत होतं.

वारा थांबला म्हणून बांगड्यांचा आवाज दोन्ही खोऱ्यांत गेला. इकडं निंबतळमध्ये सगुणानं ऐकला. तिकडं आसरोळमध्ये ठकू अंगणात तांदूळ निवडत होती, तिनं ऐकला. ती सासूला म्हणाली, "आबा येताहेत."

"खिंडीतला वारा असेल गं," सासू म्हणाली.

"वारा काय हिरव्या बांगड्या घालतो का, आत्याबाई?" ठकू म्हणाली आणि तिनं सूप बाजूला ठेवलं.

खेमा खिंडीत किती वेळ बसला, हे कुणी सांगू शकत नाही. कुणी म्हणतं घटकाभर, कुणी म्हणतं ऊन कड्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलं तोवर. धडकी चढली, माथ्यावर थांबली आणि उतरली. ती उतरल्यावर खेमा उठला.

दिवस कलायच्या आत तो आसरोळला पोचला. ठकू दारात उभी होती. तिनं बापाकडं बघितलं. धुळीनं भरलेले पाय, घामानं भिजलेला सदरा आणि अजून कापणारे हात. मग तिनं विचारलं, "आबा, गेली का हो भीती?"

"नाही गं," खेमा म्हणाला. "सगळी वाट बरोबरच होती. चालायला मात्र मी चाललो."

ओसरीवर तो तिच्यासमोर बसला आणि तिचा हात हातात घेतला. दिवसांमुळं हात सुजलेला होता, आणि इतके महिने वाट बघून ताठलेलाही. पहिलीच बांगडी अडकली. खेमाचा हात कापत होता आणि ठकूचाही कापायला लागला. तो धरून बसला. ओढली नाही, ढकलली नाही. आत ताटं वाढलेली होती, ती निवली. सासू दोनदा दारापर्यंत आली आणि बोलायचं ते गिळून परत गेली. हळूहळू दोन्ही हात सैल झाले. कुणाचा आधी झाला ते कळलं नाही. चार डझनांतल्या एकाही बांगडीला तडा गेला नव्हता.

ठकूला मुलगी झाली.

परत येताना खेमाला खिंडीत पुन्हा धडकी आली. ती त्याला म्हातारपणापर्यंत येत राहिली, कधी महिन्यानं, कधी वर्षानं. तो म्हणायचा, आली का, बस. आणि स्वतःही बसायचा. पण त्यानंतर त्यानं एकही जागा टाकली नाही. सगुणा पुढच्या उन्हाळ्यात खिंडीत गेली आणि सातवा धोंडा ठेवून आली. दोन हात रुंद वाटेवर तो कसा बसवला, हे कुणाला सांगता येत नाही.

मग लोक यायला लागले. आधी गावातले, मग सात खोऱ्यांतले. खेमाकडं ना मंत्र होता, ना मुळी. आधी तो वैद्याला नाडी दाखवून यायला सांगायचा. मग समोर बसवायचा, हात हातात घ्यायचा, एक बांगडी अंगठ्याच्या बुडापर्यंत आणायचा आणि थांबायचा. भिऊ नकोस असं तो कुणाला म्हणायचा नाही. म्हणायचा, "चढतीये ना? चढू दे. मी आहे इथं."

कितीतरी वर्षांनी एका दुपारी रावजी मल्ल आला. दार लोटून घेतलं. त्याच्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या, तोंड पांढरं पडलं होतं. कुस्तीच्या फडात त्याला तीनदा तसं झालं होतं आणि त्यानं फड टाकला होता. खेमानं पेटाऱ्यातली सगळ्यांत मोठी बांगडी काढली आणि रावजीच्या हातावर चढवायला घेतली. दोघंही बसून राहिले. सगळं उतरल्यावर रावजी हळूच म्हणाला, "खेमादा, हे बाहेर कुणाला सांगू नकोस."

"बाहेर ओट्यावर नऊ जण बसलेत," खेमा म्हणाला. "तू दहावा. मी कुणाला काय सांगणार?"

खेमा म्हातारा होऊन, आपल्या घरात, सगुणाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. आसरोळचे लोक हे मानत नाहीत. ते म्हणतात, तो एका किंक्रांतीला खिंडीत बसला तो उठलाच नाही, आणि वारा मधूनच थांबतो तेव्हा त्याच्या बांगड्या वाजतात. दोन्ही गावांचं यावरून अजून पटत नाही.

पण एका गोष्टीवर दोन्ही गावांचं पटतं. त्या मुलखातला कासार आजही हात हातात घेतला की लगेच बांगडी चढवत नाही. हात सैल होईपर्यंत नुसता धरून बसतो, आणि मागं रांग लागली तरी कुणी घाई करत नाही. बाजारात कुणाला धडकी आली तर माणसं भोवती जमत नाहीत. एकच जण शेजारी बसतो, बाकीचा बाजार चालू राहतो.

आणि दर किंक्रांतीला, ज्या दिवशी दुसरं कुठलंही गाव घराबाहेर पडत नाही, त्या दिवशी निंबतळ घराबाहेर पडतं. ज्याला ज्याची भीती आहे, तो त्या दिवशी खेमाच्या वाटेनं निघतो आणि गाव त्याच्याबरोबर निघतं. ज्याला जिथवर जमेल तिथवर. तो बसला की सगळे बसतात. तो उठला की सगळे उठतात. ज्याला पुढं जायचं तो जातो, ज्याला परतायचं त्याला कुणीतरी सोबत करतं. संध्याकाळी मारुतीच्या देवळात, वाट पुरी केलेल्यांची नावं मोठ्यानं घेतात.

मध्यंतरी त्या गावात तान्हूबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचा नवरा ओढ्याच्या पुरात गेला होता. ती दर किंक्रांतीला निघायची आणि दुसऱ्या धोंड्यावर, मारुतीपाशी, बसायची. तिथून ओढ्याचा आवाज ऐकू येतो. त्यापुढं तिचं पाऊल कधी पडलं नाही. गाव तिच्याभोवती बसून राहायचं. ऊन चढायचं, पोरं पेंगायची. मग ती म्हणायची, आज एवढंच. एकोणीस वर्षं ती तिथवर आली, आणि एकोणीस वर्षांत तिला कुणीही, आता एक पाऊल टाक, असं म्हटलं नाही.

आज ती नाही. पण संध्याकाळी देवळात नावं घेतात, तेव्हा सुरुवात तिच्या नावानं करतात.